मुंडकं दिलं नाही

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. फोन भाऊंचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा. पलीकडून नुसतं "शोभा... शोभा..." एवढंच. मला कळलं. डाव तसाच हातात, आणि पोरं ताटल्या पुढं करून उभी. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत... सगळ्यांना वाढलं, मदतनीस बाईंच्या हातात किल्ली दिली आणि मग खोलीच्या मागं जाऊन पोटभर रडले. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सुमन. मूत्रपिंडं निकामी झाली म्हणून पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. त्याआधीच्या रविवारी भेटायला गेले तर मला म्हणाल्या, "हितलं जेवान म्हंजी आजारी माणसाला आजारीच ठेवायची सोय हाय. पुढच्या टायमाला येताना सुकट भाजून आण." डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, असं मी म्हटलं, तर भिंतीकडं तोंड करून झोपल्या. तेच आमचं शेवटचं बोलणं. लोक म्हणतात, शेवटची भेट अशी व्हायला नको होती. मला तसं वाटत नाही. आक्का रागावल्या की बऱ्या दिसायच्या.

तर रडून झालंय माझं. आज मी लिहायला बसलेय ते रागानं. आमच्यात माणूस गेलं की जलदान विधी करतात आणि चार माणसं त्या माणसाबद्दल बोलतात. आक्कांच्या कार्यक्रमाला मांडव भरून माणसं आली. त्यात गावातल्या थोरल्या घराचा नातूही आला. नाव लिहीत नाही, ओळखायचं ते ओळखतील. आता तो तालुक्याच्या राजकारणात आहे, हातात माईक आला की सोडत नाही. तो म्हणाला, "सुमनआक्कांनी एवढा मोठा शिवडा धरला आणि पुन्हा नदीत सोडून दिला. मुक्या जिवाची केवढी ही दया! हीच खरी तथागतांची करुणा." आणि पुढं म्हणाला की घाटावर आक्कांच्या नावानं बोर्ड लावू, त्यावर हे लिहू. माणसांनी माना डोलावल्या. आमच्या वस्तीतल्यांनीसुद्धा. मी दातओठ खात बसून राहिले, कारण समोर आक्कांचा हार घातलेला फोटो होता आणि तो दिवस भांडणाचा नव्हता. आता महिना उलटून गेलाय. आता बोलते. ती दया नव्हती. त्या माशावर आक्कांचा तीन उन्हाळे डोळा होता, आणि त्या दिवशी तो चुलीवर चढला नाही याचं त्यांना मरेपर्यंत वाईट वाटत होतं.

आक्का दौंडच्या. वडील रेल्वेत, लोको शेडमध्ये फिटर, राहायला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. सुट्टीच्या दिवशी वडिलांचा एकच उद्योग, भीमेवर गळ टाकून बसायचा. कुणी एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा त्यांनी जाताना यांना आपली रिळाची काठी दिली होती. दोन जोडांची, वरच्या जोडाला निळा दोरा गुंडाळलेली. वडिलांना मुलगा नव्हता, असता तरी त्यांनी काठी आक्कांच्याच हातात दिली असती असं आक्का सांगायच्या. लग्नात भांडी आली, कपाट आलं आणि साड्यांच्या बोचक्यात बांधून ती काठी आली. सासरची माणसं हसली. आमचे सासरे, आप्पा, म्हणाले होते म्हणे, "पोरी, हे काय आणलंस? आमच्यात बायका मासं धरत न्हाईत." आक्का म्हणाल्या, "मग खात्यात का न्हाई?" नव्या नवरीचं हे उत्तर वस्तीत कितीतरी दिवस फिरत होतं. मी पाच वर्षांनी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ते सांगितलं, जपून राहा म्हणून.

आमचं गाव भीमेच्या अलीकडच्या काठाला, शिरूर तालुक्यात. पाणी ओलांडलं की दौंड तालुका. नदीला गावापाशी मोठा डोह आहे, उन्हाळ्यात बाकीचं पात्र उघडं पडलं तरी तिथलं पाणी हटत नाही. पलीकडं जायचं तर पुलावरून लांबचा वळसा, नाहीतर काहील. गुळाची काहील हो, उसाचा रस आटवायची ती लोखंडाची मोठी कढई. कारखाने झाले, गुऱ्हाळं बंद पडली आणि काहिली नदीत आल्या. आत बसायचं आणि फळीच्या तुकड्यानं वल्हवायचं. आक्कांनी अशीच एक गंजकी काहील मिळवली, गावातल्या शकूरचाचांकडून तिची भोकं वेल्डिंग करून बुजवली, वरून डांबर फासलं. साडी गुडघ्यापर्यंत खोचायची, वरून भाऊंचा कंपनीचा निळा शर्ट घालायचा, डोक्याला टॉवेल, आणि निघाल्या. भाऊ रांजणगावला कामाला, साधा माणूस. कुणी टोमणा मारला की म्हणायचे, "तिला पवता येतं, मला येत न्हाई. मी काय सांगू तिला?"

आता ते मुंडक्याचं. गावात रीत होती की डोहात मोठा मासा सापडला तर त्याचं मुंडकं थोरल्या घरी पोचवायचं. त्यांचा मान. मासा अजून पाण्यात असायचा, काठावरूनच कुणीतरी ओरडायचं, "आबांचं मुंडकं ध्यानात ठेवा रं." आबा म्हणजे त्या घरातले कर्ते, आत्ताच्या माईकवाल्याचे आजोबा. गावातल्या दुसऱ्या कुणी मुंडकं नेलं की ओसरीवर बसवून चहा मिळायचा. आमच्या वस्तीतल्या माणसानं मागल्या दारी जायचं, चपला लांब काढायच्या, खाली ठेवलेल्या पाटीत मुंडकं ठेवायचं आणि मागं सरायचं. मग आतली बाई येऊन त्याच्यावर पाणी शिंपडायची आणि उचलून न्यायची. सगळा जन्म पाण्यात काढलेल्या माशावर हे लोक पाणी शिंपडायचे, आमचा हात लागला म्हणून. हे मी जुन्या काळचं सांगत नाही. घरोघरी टीव्ही आले होते, आमच्या वस्तीत पदवीधर पोरं होती, भिंतीवर बाबासाहेब होते. तरी ते चालायचं, कारण नदीवर उतरायची आमची वाट आबांच्या शेताच्या बांधावरून होती. धुणं, शेरडं, म्हशी, सगळं त्याच वाटेनं. मुंडकं थांबलं तर वाट थांबणार, हे कुणी बोलत नव्हतं पण सगळ्यांना ठाऊक होतं. आक्कांनी तोवर बारके-सारके मासे धरले होते, मानाचा प्रश्न आला नव्हता. पण त्या मला म्हणायच्या, "शोभे, मी मुंडकं द्यायची न्हाई. काय बी होऊं दे." मला वाटायचं, बोलायच्या गोष्टी.

त्या उन्हाळ्यात मला दिवस गेले होते. आधी एकदा पडलेलं, म्हणून घरात सगळे मला जपायचे. मला तिखटजाळ माशाच्या कालवणाशिवाय काही गोड लागेना. बाजारातले मासे आणले तर वास सहन होईना. आक्का म्हणाल्या, "डोहात शिवडा हाय. थोरला. दोनदा माझा गळ तोडून गेलाय. ह्या टायमाला तुझ्यासाठी आणते त्याला." शिवडा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, त्याला खवलं नसतात, लांब मिशा असतात आणि तोंड उघडलं की कानापर्यंत फाटल्यासारखं, आत बारीक दातांच्या रांगा. पाण्यातली बदकाची पिल्लं गिळतो. इंग्रजी पुस्तकात त्याला गोड्या पाण्यातला शार्क म्हणतात, हे मला पुढं माझ्या मुलीनं सांगितलं. काटे कमी आणि मांस गोड. आक्कांना त्याचं वेडच होतं.

त्या दिवशी ऊन चढायच्या आत आक्का काहील घेऊन डोहाच्या मध्यावर गेल्या. गळाला जिवंत बारका चिलापी मासा लावला होता. मी घाटाच्या पायरीवर सावलीला बसले होते. अंमळशानं काठी एकदम वाकली आणि आक्का खाली बसल्या. उभं राहिलं तर काहील पालथी होते, म्हणून त्यांनी बूड टेकवलं, दोन्ही पाय काठाला रोवले आणि काठी धरून ठेवली. काहिलीला पुढं-मागं नसतं. माशानं ओढ घेतली की ती आधी जात्यासारखी गरगर फिरायची आणि मग सरळ ओढली जायची. आक्का गोल फिरतायत, तोंड एकदा आमच्याकडं, एकदा पलीकडं, आणि रीळ किर्र किर्र वाजतंय. घाटावर माणसं जमली. धुणं टाकून बाया आल्या, म्हशी सोडून गुराखी आले. मासा काहिलीला पार दौंडच्या काठापर्यंत घेऊन गेला. कुणीतरी म्हणालं, "सुमन माहेरी चालली रं," आणि सगळे हसले. मीही हसले. मला तर कालवणाचा वास यायला लागला होता.

आबा आले तेव्हा मासा दमत आला होता. त्यांना बसायला कुणीतरी पोतं टाकलं. आमचे आप्पा उभेच होते, हात बांधून. आबा म्हणाले, "तुका, सून दमाची हाय तुझी. मुंडकं सांजच्याला येऊं दे." आणि आप्पा म्हणाले, "व्हय आबा. शब्द दिला." मी तिथंच होते, माझ्या कानांनी ऐकलं. मासा अजून पाण्यात, आक्का अजून पाण्यात, हात सोलून निघालेत, आणि इकडं मुंडकं वाटून झालं. मी आप्पांना दोष देत नाही. त्यांना वाट दिसत होती, वाटेवरून जाणारी आमची सगळी वस्ती दिसत होती. पण तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि आज लिहितानाही होतोय.

आक्का हळूहळू काहील घाटाकडं घेऊन आल्या, मासा काहिलीच्या कडेला लागून ओढत. कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. टॉवेल हाताला गुंडाळून त्याला कल्ल्याखाली धरला आणि वर उचलला तेव्हा मागची माणसं टाचा उंचावून बघायला लागली. शेपूट पाण्यातच होतं आणि तोंड आक्कांच्या खांद्याशी. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दमलेला, ओला आणि इतका खूश... लग्नाच्या फोटोतसुद्धा त्या तशा नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "शोभे, मोठं पातेलं काढ गं." तेवढ्यात आप्पा दोन पायऱ्या उतरले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सुमन, मुंडकं आबांना कबूल केलंय मी. चारचौघांत शब्द गेलाय माझा."

आक्कांनी मासा पुन्हा पाण्यात टेकवला, धरून ठेवला. तो तोंड उघडत-मिटत होता. त्यांनी आप्पांकडं बघितलं, मग आबांकडं. आबा म्हणाले, "काय झालं गं? जड हाय व्हय? मुंडकं आमच्या गड्याकडनं तोडून घेतो, तू नुसतं आणून ठेव मागल्या दारी." आक्का म्हणाल्या, "आबा, मी म्होरल्या दारानं येऊ का?" एवढंच विचारलं त्यांनी. साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं. आबा हसले. म्हणाले, "रीत हाय ती हाय, पोरी. मी केलेली न्हाई."

मग आक्कांनी शर्टाच्या खिशातली पक्कड काढली. मला वाटलं, गळ काढून मासा वर टाकतायत. त्यांनी गळ काढला, पक्कड परत खिशात ठेवली आणि दोन्ही हातांनी माशाचं तोंड डोहाकडं फिरवलं. थोडा वेळ तसाच धरला, पुढं-मागं हलवला, कल्ले नीट चालायला लागेपर्यंत. घाटावरून लोक ओरडायला लागले, "आगं काय करती, आगं धर." आप्पा म्हणाले, "सुमन, माझा शब्द..." तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "आप्पा, तुमचा शब्द मी मोडत न्हाई. धरलेल्या माशाचं मुंडकं द्यायचं कबूल केलं ना? मी मासाच धरलेला न्हाई." आणि हात उघडले. शेपटाचा एक फटका बसला, आक्कांच्या तोंडावर पाणी उडालं आणि मासा खाली गेला. पाणी पुसत त्या आबांना म्हणाल्या, "मासा डोहात हाय, आबा. मान तुमचा हाय, तवा तुमी उतरा आन् घ्या."

ही तुमची मुक्या जिवाची दया. लिहा बोर्डावर.

घरी आल्यावर आक्का चुलीपुढं बसून रडल्या. कुणाला घाबरून नाही. म्हणाल्या, "तुला कबूल केला व्हता गं मी... कसला देखणा व्हता." मी म्हटलं, राहू दे. त्या म्हणाल्या, "राहू कसा दे? माझा मासा व्हता त्यो." दुसऱ्या दिवशी बांधावरची वाट बाभळीची काटी टाकून बंद झाली. वस्तीतल्या बायांना धुण्यासाठी अर्धा कोस वळसा पडायला लागला, आणि सगळ्या आक्कांवर उखडल्या. तोंडावर बोलल्या, पाठीमागं तर काय वाट्टेल ते बोलल्या. कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात बसून "आमच्या आक्का, आमच्या आक्का" करणाऱ्यांत त्याही होत्या, पण ते असो. आप्पा दोन महिने त्यांच्या हातचं पाणी प्यायले नाहीत. भाऊंना पहिल्यांदाच आवाज चढवताना मी ऐकलं. बायकोवर नव्हे, बापावर. "तिनं काय चोरी केली काय?" एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन कंपनीत गेले.

आणि आक्कांनी काय केलं असेल? काहील वल्हवत पलीकडं नेली आणि दौंडच्या काठाला एका ओळखीच्या माळ्याच्या विहिरीपाशी बांधली. स्वयंपाक उरकला की जीपनं पुलापर्यंत जायच्या, तिथून एसटी, तिथून पायी, आणि काहिलीत बसून डोहाच्या मध्यावर यायच्या. आमच्या घाटाच्या समोर. गळ टाकायच्या आणि बसायच्या, अख्ख्या गावाला दिसतील अशा. मी म्हटलं, कशाला एवढा जीव काढताय? तर म्हणाल्या, "शिरूरकडनं वाट न्हाई दिली तर मी दौंडकडनं येईन. पाणी कुणाच्या बांधावरनं येत न्हाई." वळवाचा पाऊस झाला, पाणी गढूळ झालं, मासा लागेना, तरी येऊन बसायच्या. त्या दोन महिन्यांत वस्तीतल्या भोळ्या-भाबड्या माणसांच्यासुद्धा लक्षात आलं की काटी टाकून जास्तीत जास्त एवढंच होतं. वळसा पडतो. मरत कुणी नाही. पुढं आमच्यातल्या दुसऱ्या एकाला मोठा कटला मिळाला आणि तो सरळ मुंडक्यासकट घरी घेऊन गेला. थोरल्या घरातनं कुणी काही बोललं नाही. काटी वाळली, गुरांनी मोडली, नवी कुणी टाकली नाही.

माझी मुलगी झाली, सुखरूप. ती रांगायला लागली त्या उन्हाळ्यात आक्कांनी पुन्हा शिवडा धरला. तोच होता की दुसरा, देव जाणे. त्या म्हणायच्या तोच, ओठाला जुन्या गळाचा वण होता म्हणून. घाटावर माणसं होती, आबाही होते, काठी टेकून. कुणी मुंडक्याचं नाव काढलं नाही. आक्का मासा खांद्यावर टाकून आबांच्या बांधावरच्या त्याच वाटेनं घरी आल्या, स्वतः विळीवर कापला, स्वतः कालवण केलं, चिंच जरा जास्त घालून, मला आवडतं तसं. आप्पांसकट सगळे जेवायला बसले. आक्कांनी पातेल्यातून मुंडकं काढलं आणि माझ्या ताटात ठेवलं. सासरे समोर, दीर समोर, मी धाकटी सून, मला लाजच वाटली. म्हटलं, "आप्पांना द्या की." आक्का म्हणाल्या, "मान कुणाला द्यायचा ते धरणारा ठरवल. खा गुमान." आप्पा खाली मान घालून भाकरी मोडत होते. मग म्हणाले, "खा पोरी. गार व्हईल."

त्या दिवसापासून आमच्या घरात ती रीत झाली. मासा कुणीही आणो, मुंडकं आक्का वाढणार, आणि घरातल्या बाईच्या ताटात. कधी मी, कधी माझी मुलगी, कधी आलेली नणंद. पुरुषांना नाही, पाहुण्यांना तर नाहीच. काही वर्षांपूर्वी निवडणुकीच्या वेळी तो माईकवाला नातू आमच्या घरी जेवायला आला होता, फोटोवाल्याला घेऊन. नेमका मासा होता. आक्कांनी त्याला म्होरल्या दारानं आत घेतलं, पाट दिला, आणि ताटात शेपटाकडचा तुकडा वाढला. तो पातेल्याकडं बघत होता. आक्का म्हणाल्या, "कमी-जास्त लागलं तर सांगा, दादा. लाजू नका." त्याला सगळं माहीत आहे. म्हणून तर त्याला दया, करुणा असले शब्द लागतात. बाईनं दया केली म्हटलं की कुणी कुणाचं काही नाकारलं नव्हतं, असं होतं. बोर्डासाठी दोन ओळी लिहून द्या, असा त्याचा निरोप परवा आला. मी लिहून पाठवल्या: "इथं सुमनआक्कांनी शिवडा सोडला, पण मुंडकं दिलं नाही." अजून उत्तर नाही.

गेल्या रविवारी माझ्या मुलीनं दौंडच्या बाजारातून मासा आणला. आक्का गेल्यावर घरात पहिल्यांदाच. मी कालवण केलं. भाऊ, माझे मालक, मुलगी, सगळे बसलो. वाढून झालं, आणि मुंडकं तेवढं पातेल्यात राहिलं. कुणाचा हात पुढं होईना. भाऊ पातेल्याकडं बघत बसले, त्यांचे डोळे भरले. मग त्यांनीच विचारलं, "शोभा, आता ते कुणाचं गं?"

मी डाव घातला आणि ते माझ्या ताटात वाढून घेतलं.